चादरीचं दुसरं टोक

एकांतात तुम्हाला बरं वाटतं, की माणसांत?

"माणसांत," बाबा म्हणाले. "फक्त त्यांनी माझ्याकडे पाहू नये."

स्वभाववालीने ते लिहून घेतलं. तिने दारातच आपलं नाव सांगितलं होतं, पण चहाचं आधण ठेवता ठेवता आत्याने तिला स्वभाववाली करून टाकलं, आणि आत्याने ठेवलेली नावं या घरात पुसली जात नाहीत. टकटक हेही आत्याचंच. आई टाइप करायची तेव्हा तिच्या मांडीशी बसून ही पोर जमिनीवर बोटं आपटायची, म्हणून टकटक. आता आईच्या जागी तीच बसते. तिशी उलटली, तरी टकटकच.

स्वभाववाली एका मासिकाकडून आली होती. नावाजलेली माणसं आतून कोणत्या जातकुळीची असतात, ते त्या मासिकाच्या एका पानावर छापून यायचं. तिथे एक गायिका येऊन गेली होती, एक न्यायाधीश, एक गोलरक्षक. बाबांच्या मागे ते पूर्वीपासून लागले होते आणि बाबा पूर्वीपासून नाही म्हणत होते. या वेळी हो म्हणाले. आत्याचं म्हणणं, हल्ली तो कशालाही हो म्हणतो, त्यात तुझी काही थोरवी नाही बाई. हे तिने स्वभाववालीला बिस्किटं देता देता सांगितलं.

दुपार होती. बाबा लांब खुर्चीत, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. पडदा अर्धा ओढलेला. रस्त्यापलीकडे वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. तिथे कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून पाहत होतं. सूर लागत नव्हता. मध्येच लागल्यासारखा वाटायचा आणि खोलीतली धूळ क्षणभर थांबायची.

तुमची काम करण्याची पद्धत थोडक्यात सांगा.

बाबांनी थोडक्यात सांगितलं: मी झोपतो, मुलगी लिहिते.

ते खोटं नव्हतं. जेवण झालं की ते या खुर्चीत पडतात आणि झोपेच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असे राहतात. तिथून बोलतात. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या तिथूनच आल्या. आवाज सपाट, घाई नाही, जणू कुणीतरी दाखवतंय आणि ते फक्त नावं घेताहेत. पूर्वी आई टाइप करायची, मग टकटक.

पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ते बोलायचे थांबले तरी टाइप करणाऱ्याने थांबायचं नसतं. कळांचा आवाज थांबला की बाबा एक तर गाढ झोपतात, नाही तर टक्क जागे होतात, आणि दोन्हीकडे कादंबरी नसते. म्हणून ते गप्प असतात तेव्हा टकटक जे बोटाला येईल ते लिहीत राहते. क्षक्षक्षलललयय. मागाहून पुसून टाकते.

आई गेल्यापासून पानंच्या पानं तशी झाली होती. क्षलयक्षलय. दुपार संपायची, बाबा डोळे उघडून विचारायचे, काही झालं का गं. ती म्हणायची, थोडंसं.

दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट तुमच्या किती लक्षात राहते?

इथे आत्या हसली. हसू आवरायला ती ट्रे घेऊन आत गेली, आणि आत नळ सोडल्याचा आवाज आला.

या घरात बाबांच्या कानावर पडू नये असं काही बोलायचं असलं की आधी नळ सोडतात. पाहुण्यांना वाटतं, या बायका भांडी फार घासतात.

त्याचं कारण निळा कोट. आत्या तरुण होती तेव्हा तिचं एका माणसाशी ठरलं होतं. तो रोज संध्याकाळी पुलावर तिची वाट पाहायचा आणि एका संध्याकाळी आला नाही, पुन्हा कधीच आला नाही. आत्याने हे फक्त भावाला सांगितलं. उशीत तोंड खुपसून, पाठीवर त्याचा हात असताना. त्या हाताची कादंबरी झाली. तीच ती, जिच्यामुळे बाबा बाबा झाले. जिच्यातला निळ्या कोटातला माणूस पुलावर उभा राहतो आणि वाचणारे पान उलटायचं विसरतात. आत्याने ती वाचली, फार छान आहे म्हणाली आणि महिनाभर भावाशी बोलली नाही.

तिचा राग चोरीचा नव्हता. तिने टकटकला एकदा नळ सोडून सांगितलं होतं. "अगं, मला आता तो निळ्या कोटातच दिसतो. त्याच्याकडे निळा कोट नव्हताच. मग कुठला होता? किती डोकं खाजवते, आठवत नाही. डोळे मिटले की हा उभा, निळाशार. माझा होता तो माणूस, आणि आता मलाच पुस्तकातून काढून बघावा लागतो."

तेव्हापासून आत्याने एक युक्ती काढली. ती तिला खोटं बटण म्हणते. बाबांना काही सांगावंच लागलं, तर त्यातली एक वस्तू बदलून सांगायची. पावसाऐवजी ऊन, मांजराऐवजी कुत्रं. ते उचलतील ते बटण खोटं. खरं आपल्या सदऱ्याला शाबूत. शेजारीणसुद्धा आता बाबांशी बोलताना एखादं कुत्रं घालते.

हाती घेतलेलं काम तुम्ही पूर्ण करता का?

"करायचो," बाबा म्हणाले.

समोरचा सूर वर चढला आणि घसरला.

हातातली कादंबरी एका जोडप्याची आहे. ही आईची आहे असं घरात कुणी म्हटलं नाही, आणि नाही असंही म्हटलं नाही. शेवटाकडच्या प्रकरणात ती बाई दवाखान्याच्या खोलीत आहे, दुपार आहे, खिडकी आहे. बाबा तिथवर येतात. 'ती खिडकीशी' असं म्हणतात. मग क्षलयक्षलय.

कारण त्या दुपारी ते खोलीत नव्हते. खाली कॅन्टीनमध्ये चहाला गेले होते. तिथे एका माणसाने त्यांना ओळखलं. त्याची बायकोही वरच्याच मजल्यावर होती आणि उशाशी बाबांचं पुस्तक होतं. तो विचारत राहिला, तो निळ्या कोटातला माणूस तुम्हाला सुचला कसा, आणि बाबा सांगत राहिले. त्यांना सांगायला आवडायचं, कुणाला नाही आवडत. वर आले तेव्हा टकटक दारात उभी होती. आत नर्स पडदा ओढत होती.

खोलीत फक्त टकटक होती. म्हणजे ती दुपार फक्त तिच्याकडे आहे.

बाबांनी तिला कधी थेट विचारलं नाही. ते आजूबाजूने फिरतात. जेवताना म्हणतात, त्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती ना. भाजी वाढून घेताना म्हणतात, तिला तहान लागली असेल. ती म्हणते, हो, पश्चिमेला. मग पोळी मोडते.

तुमच्या जवळच्या कुणी तुमच्यापासून काही लपवलंय, असं तुम्हाला वाटतं का?

बाबांनी डोळे उघडले. मुलाखतीत पहिल्यांदाच. त्यांनी स्वभाववालीकडे पाहिलं नाही, टकटककडे पाहिलं.

त्यांचे डोळे आता पातळ झालेत, दुधात पाणी घातल्यासारखे. ती त्या डोळ्यांना लहानपणी भ्यायची. आत्या आणि आईही भ्यायच्या, कारण ते बघायचे तेव्हा आपल्यातलं काहीतरी कमी व्हायचं. आज ते नुसते बघत होते. काही उचलण्याची ताकद नसल्यासारखे.

"हा राहू दे," ते म्हणाले.

स्वभाववाली चांगली मुलगी होती. तिने पान उलटलं.

(हा प्रश्न कुणी विचारला नाही.)

स्वभाववाली गेल्यावर आत्याने नळ सोडला.

किती दिवस असं चालणार, असं तिने विचारलं. तो जेवत नाही, काल तर ताटात हात तसाच ठेवून बसला होता. तुझ्याजवळ जे काही आहे ते देऊन टाक एकदाचं.

टकटक म्हणाली, तूच सांगतेस हे? तुझा कोट गेला ना?

"म्हणून तर सांगते, बटण बदलून दे. त्याचं पुस्तक होईल, तुझं तुझ्याकडे राहील. त्याला काय कळतंय."

टकटक नळाच्या धारेखाली बोट धरून उभी राहिली. तिची भीती आत्याला वाटत होती त्याहून साधी होती. ती दुपार एवढीशी होती. तिच्यातली एक वस्तू बदलली, तर उरणार काय?

ती दुपार अशी.

आई उशीला टेकून बाहेर पाहत होती. अचानक म्हणाली, मला उतरव. पाय जमिनीला लावायचेत. टकटकने तिला धरून खिडकीपाशी नेलं. आईचं वजन ओल्या टॉवेलएवढं झालं होतं. फरशी गार होती, आईने पायाची बोटं पसरली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस दोरीवरची चादर काढत होता. मोठी, डबल बेडची, पांढरी. तो एकटाच होता आणि त्याला घडी जमत नव्हती. एक टोक हनुवटीखाली धरायचा तर दुसरं जमिनीला लागायचं. वाऱ्याने चादर त्याच्या डोक्यावरून पलटायची, तो आत चाचपडायचा. आईला हसू आलं. मग तिने दोन्ही हात खिडकीबाहेर उचलले, चिमटीत धरावं तसे, आणि हवेतच त्या चादरीचं दुसरं टोक धरलं. त्याने हात जोडले की तिने जोडले. त्याने चादर खाली सोडली की तिने ती अर्ध्यावर उचलली. तो माणूस इकडे पाहतही नव्हता. पण घडी जमत गेली. शेवटी तो चौकोन छातीशी धरून उभा राहिला, आणि आईने आपले रिकामे हात पुढे केले, त्याच्या हातात दिल्यासारखे, आणि म्हणाली, "हं. ठेव आता."

मग म्हणाली, दमले. टकटकने तिला परत आडवं केलं.

एवढंच. यात काही नव्हतं. कुणाची आठवण काढली नव्हती, कुणाला निरोप नव्हता. बाबांचं नावसुद्धा नव्हतं. आणि टकटक रोज रात्री डोळे मिटून ती चादर एकदा उलगडायची, एकदा मिटायची, आणि झोपायची.

निर्णय घेताना तुम्ही डोक्याचं ऐकता, की मनाचं?

दुसऱ्या दुपारी ती टाइप करायला बसली. बाबा म्हणाले, ती खिडकीशी. आणि थांबले.

टकटकने क्षलय लिहिलं नाही. कळांवरून हात काढून मांडीवर ठेवले. खोली एकदम मोठी झाली. समोरच्या दुकानातही शांत होतं, कुणी तारा बदलत असावं. बाबा ना झोपले ना जागे झाले. तिथेच झोपेच्या दारात उभे राहिले, आणि तिने बोलायला सुरुवात केली.

तिने सगळं सांगितलं. गार फरशी, पसरलेली बोटं, गच्ची, वारा, एकटा माणूस. फक्त चादरीच्या जागी टेबलक्लॉथ म्हणाली. मोठा होता, म्हणाली, पांढरा. जीभ जराशी अडखळली, पण आत्याने शिकवलेलं काम तिने नीट केलं.

बाबा मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते. तिचं सांगून झालं. मग त्यांचे ओठ हलले.

"चादर असेल," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"टेबलक्लॉथला दुसरा माणूस लागत नाही. टेबलावर पसरावा, एकट्यानेच घडी घालावी. त्याचं दुसरं टोक धरायला तिने हात उचलले नसते." ते अजून डोळे मिटूनच होते. "चादरीला लागतो. मी धरायचो. दर वेळी उलटी दुमडायचो. ती म्हणायची, एवढी माणसं घडवलीस, तुला एक चादर घडवता येत नाही."

त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळत कानात गेलं. त्यांनी पुसलं नाही. त्यांना बहुतेक कळलंच नव्हतं.

टकटकला वाटलं होतं, हे झालं तर आपण रिकाम्या होऊ. तसं काही झालं नाही. उलट त्या गच्चीवरच्या माणसाला एकाएकी खांदे आले, उलटी घडी घालणारे हात आले. ती दुपार होती त्याहून रुंद झाली. आणि त्याच वेळी तिला भीतीही वाटली, कारण आता चादर त्यांना माहीत होती. उद्या ती पुस्तकात जाणार. मग तिला ती तिथून काढून बघावी लागणार.

"तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "आम्ही बदलून सांगतो ते."

"कुत्री फार झालीयत शेजारणीच्या गोष्टीत."

"मग आत्याचा कोट?"

"राखाडी," बाबा म्हणाले. "कोपरावर झिजलेला. डाव्या खिशाला शाईचा डाग. ती रडत रडत तेच सांगत होती, डाग निघाला असता, मी काढून दिला असता. मी निळा केला. म्हटलं, राखाडी तिचा तिला राहू दे."

दारात कप वाजले. आत्या चहा घेऊन उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिने ट्रे स्टुलावर ठेवला, बाबांच्या पायांशेजारीच.

"डाग होता?" तिने विचारलं.

"होता ताई."

"राखाडी." तिने तो शब्द कापड चाचपावं तसा घोळवला. "असेल. मला निळाच दिसतोय अजून." मग जाता जाता म्हणाली, "एवढं चांगलं मन होतं तर तेव्हाच सांगायचं होतंस मेल्या."

स्वयंपाकघरात ती बराच वेळ होती. नळाचा आवाज आला नाही.

तुम्ही तुमच्या चुकांमधून शिकता का?

पुढची दुपार. पडदा अर्धा. समोरून सूर येत होता, थोडा कमी, तरी पुष्कळ जवळचा.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. ती खिडकीशी उभी आहे. पाय अनवाणी आहेत. टकटकची बोटं चालत होती. समोर गच्ची आहे. गच्चीवर एक माणूस आहे, एकटा. वारा आहे. त्याच्या हातात पांढरा

बाबा थांबले. तिने क्षलय लिहिलं, क्षलय, क्षलय.

"टेबलक्लॉथ आहे," बाबा म्हणाले.

तिची बोटं थांबली. बाबांनी डोळे उघडले.

"अहो बाबा, टेबलक्लॉथला दुसरा माणूस लागत नाही."

"लिही."

"कुणाला पटणार नाही. एवढ्या मोठ्या प्रसंगात एवढी मोठी चूक."

"म्हणतील, म्हाताऱ्याला घरकाम ठाऊक नव्हतं. खरंच आहे ते." त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "लिही. पण रोज एकदा आठव नीट, चादर होती म्हणून. तुझ्या आत्याला मी हे सांगायचं विसरलो."

तिने लिहिलं. टेबलक्लॉथ. अक्षरं स्क्रीनवर उमटली आणि तिने त्यांच्या पलीकडे पाहिलं, गच्चीवर, आणि चादर तिथेच होती, वाऱ्यात फुगलेली.

त्या दुपारी प्रकरण संपलं.

निकाल

मासिकाचं पान पुढे आलं. आत्याने ते मोठ्याने वाचलं. बाबा निरीक्षक या प्रकारात मोडतात. अंतर्मुख, अलिप्त, दूर उभं राहून पाहणारे. भावना व्यक्त करणं त्यांना जड जातं. घरकामात त्यांना रस असतो.

"हे कुठून काढलं पोरीने?" आत्या म्हणाली. "आणि पाहणारा कसला, उचलणारा."

बाबा म्हणाले की गोलरक्षकाचा प्रकार कोणता निघाला ते बघ. आत्याने जुना अंक शोधला. तोही निरीक्षकच होता. बाबांना याचा फार आनंद झाला. दिवसभर ते कुणी काही फेकलं की झेलत होते, उशी, टॉवेल, एकदा लिंबू.

संध्याकाळी टकटक गॅलरीतून वाळलेले कपडे काढत होती. शेवटी मोठी चादर राहिली. एक टोक तिने हनुवटीखाली धरलं, दुसरं जमिनीला लागायला लागलं. तिने हाक मारली नाही. खोलीच्या दारात बाबा उभे होते, हातात मासिक. ते आले, मासिक दोरीवर वाळत घातलं, वाकून चादरीचं दुसरं टोक उचललं आणि उलटं दुमडलं.

"उलटं, बाबा."

"हो का?" म्हणत त्यांनी ते सोडलं, सरळ केलं, आणि दोन्ही कोपरे चिमटीत धरून तिच्या दिशेने चालायला लागले.